काठीच्या टोकावरचं कातडं

श्रावणाचं कौतुक ज्यांना करायचं त्यांनी खुशाल करावं. ऊनपाऊस, झोके, सणवार, सगळं त्यांना लखलाभ. मला तो महिना डोळ्यांसमोर नको असतो. कोल्हापूरचा श्रावण म्हणजे भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास, मिठाला पाणी आणि सरसाला घाम. पहिल्या तीन गोष्टी कुणालाही ठाऊक असतात, चौथी माझ्यासारख्यालाच. परवा घरातल्या खुर्चीचा पाय निखळला. सून तो हातात घेऊन आली आणि म्हणाली, "बगा अब्बा, नुस्ता हात लावला तर सुटून आला." मी खाचेतल्या सरसाला, लाकूड चिकटवायच्या त्या डिंकाला, बोट लावलं. चिकट, ओलसर, जरासा कुजका. सुनेला म्हटलं, "ठेव तिकडं, ऊन पडलं की बघू," आणि उगीचच तिच्यावर खेकसलो. तिचा काय दोष? श्रावणात माझं डोकं असंच फिरलेलं असतं.

मी बिलियर्डचा मार्कर होतो. ही महाराजांच्या राज्यातली गोष्ट. तिकडं विलायतेत लढाई पेटली होती, ते दिवस. त्याआधी मी पैलवान होतो. तालमीत गुडघा निखळला, पैलवानी संपली, आणि वस्तादांनी शब्द टाकून मला रंकाळ्याच्या अंगाला एका जहागीरदारांच्या बंगल्यावर चिकटवून दिलं. त्यांचं नाव नको. त्यांना सगळे सरकार म्हणत, मीही तेच म्हणतो. बंगल्याच्या एका दालनात दगडी पाटाचं, वर हिरव्या बनातीचं कापड ताणलेलं भलंमोठं टेबल होतं. भिंतीवर सांबरांची, रानरेड्यांची, एका वाघाची मुंडकी. सरकार खेळत आणि ती मुंडकी बघत. गुण मोजायचे, हस्तिदंती चेंडू काढून द्यायचे आणि काठ्या राखायच्या हे माझं काम.

लोकांना वाटतं हा खेळ काठीचा आहे. तो काठीचा नाही, काठीच्या टोकाला चिकटवलेल्या चामड्याच्या चकतीचा आहे. आम्ही तिला टोपी म्हणत असू. करंगळीच्या नखाएवढी चकती, पण तिच्यासाठी हत्यारं केवढी! जुनी टोपी छाटायला चांभाराची रापी. काठीचं टोक सपाट करायला कानस. वर सरस लावून टोपी बसवली की ती दाबून धरायला लोखंडी शिकंजा. हा मुठीत मावेल एवढा होता, डोक्यावर पिळायची मळसूत्री कळ. सरस वाळला की बाहेर आलेली कड पुन्हा रापीनं तासायची, वरचा भाग कानशीनं अर्ध्या वाटाण्यासारखा फुगीर करायचा, काचकागदानं घासायचा, आणि शेवटी दाभणानं टोचून टोचून त्याला बारीक भोकं पाडायची, म्हणजे खडू धरून बसतो. कापायचं, पिळायचं, घासायचं, टोचायचं. एवढ्याशा कातड्याचे एवढे हाल केले तरच ते चेंडूला मऊ हात लावतं.

आणि टोपी बिघडली तर? तर काठी घसरते. चेंडूच्या कडेवरून 'टक्' असा पोरकट आवाज निघतो आणि चेंडू भलतीकडं जातो. आमच्याकडं काठी घसरली की चूक खेळणाऱ्याची कधीच नसे. चूक टोपीची, आणि टोपी म्हणजे माझी पाठ. सरकार काठी उलटी धरत आणि जाड बुंध्याकडून हाणत. शांतपणे, जणू पुढचा फटका तोच आहे. मारून झालं की काठी सुलटी करून माझ्या हातात देत आणि म्हणत, "खडू लाव." मला राग यायचा. फार यायचा. पण घरात आई होती, दोन बहिणी होत्या, आणि गुडघ्यात कुस्ती उरली नव्हती.

गावालाच तेव्हा मारामारीची चटक होती. साठमारीच्या मैदानात मस्तवाल हत्तीपुढं माणसं पळायची आणि वर तटावर बसलेले टाळ्या पिटायचे. शिकारीचे चित्ते डोळ्यांवर झापड लावून रस्त्यानं मिरवत जायचे. तालमीत एकेकाचे कान पिळवटून कोबीच्या गड्ड्यासारखे झालेले. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नसे. ताकद असेल त्यानं दाबावं आणि नसेल त्यानं दबावं, असाच सगळा हिशेब. महाराज मात्र वेगळं काही सांगायला लागले होते. शिवाशिव सोडा म्हणत होते, नुसतं म्हणत नव्हते तर वागून दाखवत होते. आमच्या सरकारांना ते मनातून मुळीच पटत नव्हतं. पण दरबारात मान डोलवावी लागे. तिथं डोलवलेली मान घरी आली की कुणाच्या तरी पाठीवर उतरत असे.

लढाई लागली आणि मुंबईहून डबीतून येणाऱ्या विलायती टोप्या बंद झाल्या. होत्या त्या घासून घासून कागदासारख्या पातळ झाल्या. तेव्हा मी सिदूकडं गेलो.

सिदू चांभार माझ्याच वयाचा. गरीब बिचारा, खाली मान घालून बसणारा चांभार ज्यांना बघायचा असेल त्यांनी दुसरीकडं जावं. सिदूचं तोंड गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू यायचं. त्याच्या चपलेला कुणी नाव ठेवलं तर तो चप्पल परत घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला अनवाणी घालवायचा. त्याला मी जुनी टोपी दाखवली. त्यानं ती दोन बोटांत धरून वास घेतला, दातानं चावली आणि माझ्या अंगावर फेकली.

"ह्येला कातडं म्हंत्यात व्हय पैलवान? ह्ये तर भिजल्याली भाकरी हाय!"

मग बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं पाठीचं कातडं त्यानं काढलं. त्याची चकती पाडली, दगडावर ठेवली आणि हातोडीनं हाणायला लागला. प्रत्येक घावाला एक शिवी, आणि प्रत्येक शिवी कुणाच्या तरी नावाची. सावकार, मुकादम, सासरा, एक कुणीतरी तलाठी. कातडं दगडासारखं झालं तरी त्याची नावं संपली नव्हती. त्याची बायको रखमा आतून ओरडली, "आता माझं नाव घ्याच्या आदी थांबा," तेव्हा कुठं तो थांबला.

आणि मग शेवटची गोष्ट. काठीवर टोपी बसली, तासून झाली, की तिची कड उघडी राहते. ती कड तुळतुळीत झाली नाही तर टोपी छत्रीसारखी पसरते. सिदूनं जीभ बाहेर काढली, टोपी चाटून ओली केली, आणि चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून उजव्या आंगठ्यानं गरगर घासली. आंगठा काय, लोखंड होतं ते! दाबून दाबून रुंद झालेला, नख दगडासारखं. उघडून बघतो तर कड काळ्या कवडीसारखी चमकत होती. पाण्यानं हे होत नाही. पाणी कातड्यात मुरतं. थुंकीच पाहिजे, त्या कामाची रीतच ती. चपलेच्या कडेलाही तो तेच करायचा. मीही विलायती टोप्यांना तेच करत आलो होतो. सगळे मार्कर करतात.

सरकारांची एक सवय होती. फटक्याचा विचार करताना ते काठी उभी धरून टोपी खालच्या ओठाला टेकवत. तसेच बराच वेळ उभे राहत, डोळे मिटल्यासारखे. सिदूच्या टोप्या लागल्यापासून काठी घसरेनाशी झाली. माझ्या पाठीला विश्रांती मिळाली, जुने वळ पिवळे पडून गेले. सगळा उन्हाळा असा सुखात गेला.

श्रावणात बेळगावच्या छावणीतला एक गोरा कप्तान पाहुणा म्हणून आला. बाहेर पावसानं नुसतं झोडपलं होतं, रंकाळा काठापर्यंत आलेला. शिकारीला जाता येईना, म्हणून दोघं भर दुपारी दिवे लावून खेळत बसले. कप्तानाला सिदूची टोपी लागलेली काठी फार आवडली. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत त्यानं विचारलं, ही टोपी लढाईतही विलायतेतून कशी आली? सरकार फुगले. म्हणाले, "आमच्या गावात होते." आणि हुजऱ्याला हुकूम सोडला, "त्या चांभाराला बोलाव. आणि एक फेटा काढून ठेव."

सिदू भिजत आला. धुतलेलं धोतर नेसून आला होता, पावसानं त्याचं पार पोतेरं झालेलं. बाहेरच्या ओसरीवर उभा राहिला. पण तोंडावर काय तेज! मला डोळा मारला गड्यानं. कप्तान काठी घेऊन दारात गेला आणि त्या चमकत्या कडेवर बोट ठेवून म्हणाला, "ये कैसा करता?"

मी मान हलवली. नको, नको, अशी खूण केली. पण त्याचं माझ्याकडं लक्ष कुठलं? आयुष्यात पहिल्यांदा एक साहेब त्याला त्याच्या कामाविषयी विचारत होता.

"अवो सायेब, सोपं हाय की. आसं!" असं म्हणून सिदूनं काठी हातात घेतली, टोपी चाटली आणि आंगठ्यानं घासून दाखवली.

कप्तान क्षणभर बघत राहिला. मग त्यानं सरकारांकडं पाहिलं, आपल्या खालच्या ओठावर बोट टेकवलं, आणि हसायला लागला. गुडघ्यावर हात आपटून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. कशाला हसतोय हे सांगायची गरज उरली नव्हती. दारातला हुजऱ्याही हसला. मग त्याला कळलं आपण काय केलं, आणि त्यानं तोंडात उपरणं कोंबलं.

म्हशीचं कातडं चाललं होतं. ते कमावणारा हात चालला होता. त्याच हाताची चप्पल पायात होती. थुंकी तेवढी नडली. खरं तर थुंकीही नडली नसती, ते हसणं नडलं.

सरकारांनी सिदूच्या हातातली काठी हिसकली आणि बुंध्यानं त्याच्या कानशिलात हाणली. सिदू खाली बसला. दुसरा घाव मानेवर, तिसरा पाठीवर, आणि काठी मोडली. कप्तानाचं हसणं थांबलं. तो काहीतरी पुटपुटत आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. मग सरकारांची नजर ओसरीच्या कोपऱ्यातल्या माझ्या कामाच्या पाटावर गेली. तिथं शिकंजा होता.

"कुठला आंगठा रे?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम शांत. "दाखव. त्याचंच कौतुक चाललं होतं ना?"

दोन हुजऱ्यांनी सिदूला धरलं. सरकारांनी स्वतःच्या हातानं त्याचा आंगठा शिकंज्यात घातला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मार्कर, पिळ."

मी म्हटलं, "न्हाई सरकार."

"काय म्हणालास?"

"न्हाई म्हणलो."

तेव्हा त्यांनीच पिळलं. तो आवाज मी लिहिणार नाही. सिदूची किंकाळी मात्र लिहितो, कारण ती किंकाळी नव्हतीच, ती शिवी होती. सरकारांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी, खणखणीत, पावसावरून पलीकडं ऐकू जाणारी शिवी. ती ऐकली आणि माझ्या डोक्यातलं काहीतरी सुटलं. मी सरकारांचं मनगट धरलं. तालमीतला हात होता माझा, गुडघा गेला म्हणून हात जात नाही. मनगट उलटं पिरगाळलं आणि त्यांच्या कानात म्हटलं, "आता उलटं फिरवा. तुमच्याच हातानं." त्यांनी फिरवलं. फिरवताना ते कण्हत होते. आयुष्यात मला इतकं गोड काही ऐकायला मिळालं नाही, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढचं मला तुटक आठवतं. हुजऱ्यांच्या काठ्या, जोड्यांच्या टाचा, ओसरीची फरशी, तोंडात रक्ताची खारट चव. डाव्या खांद्याचं हाड मोडल्याचं मला फाटकाबाहेर कळलं. नोकरी गेली हे सांगायला नकोच. चौकीवर मात्र कुणी नेलं नाही. फिर्याद द्यायची तर सगळी गोष्ट सांगावी लागली असती, ओठासकट.

त्या पावसात आम्ही दोघं हाडवैद्याकडं निघालो. सिदूनं उजवा हात धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला, मी डावा हात छातीशी धरलेला. मला वाटलं, तो माझे उपकार मानील. तो रस्त्याच्या मध्येच थांबला आणि त्यानं डाव्या हातानं माझ्या थोबाडीत मारली.

"मधी कशाला पडलास रं? तुझी आई काय खानार आता? माझा आंगठा तर गेल्यालाच हुता. तुझी भाकरी बी घालिवलीस!"

मीही त्याला लाथ मारली. दोन मोडकी माणसं चिखलात एकमेकांवर धावून जात होती, शिव्या देत होती, आणि दोघंही रडत होती. पावसात रडणं दिसत नाही म्हणतात. दिसतं.

वैद्यानं आंगठ्याचं वरचं पेर काढून टाकलं. उरला तो थोटका. चांभाराचा उजवा आंगठा म्हणजे काय हे ज्यानं कधी रापी धरली नाही त्याला सांगून कळणार नाही. कातडं तोच दाबतो, धार तोच वळवतो, टाका तोच ओढतो. सिदू घरात भिंतीकडं तोंड करून बसायला लागला. त्याचा आवाज गल्लीत ऐकू येईना, हे सगळ्यांत भयंकर. मी म्हटलं, महाराजांकडं जाऊ, ते ऐकतील. तो म्हणाला, "महाराज ऐकतील रं. पर त्यांच्यापतोर पोचवनारा मानूस सरकारांचाच सोयरा हाय." एवढं बोलून पुन्हा भिंतीकडं वळला.

ओल वाढतच गेली. सरसाला घाम सुटला आणि बंगल्यावरच्या काठ्यांच्या टोप्या एकामागून एक निसटायला लागल्या. भादव्यात कप्तान पुन्हा येणार होता, त्याला हरवून ते हसणं परत करायचं अशी सरकारांना खुमखुमी. एका सकाळी हुजरे काठ्यांची मोळी घेऊन चांभारगल्लीत आले, एकाच्या हातात चाबूक. मी तिथंच होतो. सिदू उठला नाही. रखमा बाहेर आली, हातात रापी. तिच्यामागं शेजारीण आली, मग पलीकडचा म्हातारा, मग सगळी गल्ली. प्रत्येकाच्या हातात आपापलं हत्यार.

हुजऱ्या म्हणाला, "सरकारांचा हुकूम हाय. टोप्या लावून पायजेत."

रखमा म्हणाली, "लावू की. जाऊन आदी सरकारांस्नी इचारून ये, थुका कुनाचा लावू?"

हा प्रश्न घेऊन परत जायची कुणाची छाती होती? चाबूक वर आलाच नाही. मोळी घेऊन ते जसे आले तसे गेले.

गौरी-गणपतीच्या दिवसांत कप्तान आला. काय घडलं ते बंगल्यावरच्या आचाऱ्यानं मला सांगितलं. नव्या मार्करनं कशीतरी सरसानं चिकटवलेली टोपी सरकारांच्या ऐन जोरकस फटक्याला उडाली, उघडं लाकूड बनातीत घुसलं आणि हिरवं कापड वीतभर फाटत गेलं. खालचा काळा दगड दिसायला लागला. आणि कप्तान पुन्हा हसला.

मी लंगडत, खांदा सावरत, जवळजवळ पळतच सिदूच्या घरी गेलो. ही बातमी त्याला उभं करील, पुन्हा ओरडायला लावील असं मला वाटलं होतं. तो दगडापुढं बसला होता. डाव्या हातात रापी धरून कातडं कापायला बघत होता. थोटक्यानं दाबलं की कातडं सरकत होतं, रापी घसरत होती. दगडावर रक्ताचे थेंब पडले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. फाटलेलं कापड, काळा दगड, कप्तानाचं हसणं.

तो हसला नाही.

"लडाई सरंल," तो म्हणाला. "नवं कापड यील. टोप्या बी येतील डबीतनं. त्येंचं समदं परत यील, पैलवान." मग त्यानं तो थोटका माझ्या डोळ्यांपुढं धरला. "ह्ये?"

पुढं जहागिरी गेल्या, राजे गेले, सरकारांचा बंगलाही कुणी विकत घेऊन पाडला म्हणतात. मला त्याचा आनंद होत नाही. ते पेर कुठल्या राज्यात कुणी परत दिलं?

त्यानं पुन्हा कातडं दगडावर ठेवलं, पुन्हा थोटक्यानं दाबलं. पुन्हा सरकलं. त्यानं रापी भिंतीवर फेकून मारली. रखमा चुलीपुढून उठली, रापी उचलून तिनं पुन्हा त्याच्यापुढं ठेवली आणि परत चुलीपुढं जाऊन बसली. मग सिदू माझ्याकडं न बघताच म्हणाला, "उजवा हात धड हाय न्हवं तुझा?"

"हाय."

"मग बस हितं. दाब."

मी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो आणि जिथं त्याचा आंगठा असायचा तिथं माझा ठेवला. त्यानं डाव्या हातात रापी घेतली. पातं कातड्यात शिरलं, वेडंवाकडं पुढं आलं आणि माझ्या नखाचा काठ तासत निघून गेलं.

"हालू नगंस," तो ओरडला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला.

मी आंगठा होता तिथंच ठेवला.